सकाळी एक कोपरा बसलेला, रस्त्यावर ठकठक: कॉम्प्रेसर बदलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्टील स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी बलून) असलेली गाडी, वय ९ वर्षं. रात्री सरळ उभी केलेली असते, सकाळी पुढची डावी बाजू खाली गेलेली दिसते. इंजिन सुरू केलं की एक-दीड मिनिटात वर येते. महिनाभरापासून बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालतो, आणि खराब रस्त्यावर हळू जाताना त्याच बाजूने ठकठक येते. एका गॅरेजने कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पुढचे दोन्ही स्ट्रट (बलून आणि शॉकअप मिळून होणारा उभा भाग). यातलं कोण बरोबर आणि तोवर गाडी चालवावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी २२ वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून एवढं मी खात्रीने सांगू शकतो की कॉम्प्रेसर हे मूळ दुखणं नाही. गाडी उभी असताना प्रत्येक कोपऱ्याचा, म्हणजे प्रत्येक चाकाच्या बलूनचा, व्हॉल्व्ह बंद असतो. कॉम्प्रेसर कितीही थकलेला असला, तरी बंद व्हॉल्व्हच्या पलीकडची हवा तो काढून घेऊ शकत नाही. शिवाय तुमची गाडी दीड मिनिटात वर येते, म्हणजे तो अजून काम करतोय. हवा त्या कोपऱ्यातून कुठेतरी जाते आहे आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त राबतो आहे. दुसऱ्या गॅरेजचा अंदाज बरोबर निघू शकतो, पण तपासल्याशिवाय तोही अंदाजच. आणि ठकठक हा बहुतेक वेळा वेगळाच प्रश्न असतो. दोन्ही लक्षणं एकाच बाजूला दिसली की माणूस त्यांना एकत्र बांधतो आणि नको ते पार्ट बदलून बसतो. म्हणून आधी गळती बघू, मग आवाज.

सगळ्यात आधी एक मोजपट्टी घ्या. चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण जमीन कधी पूर्ण सपाट नसते आणि टायरमधली हवाही कमी-जास्त असते. कडेवर जिथे मोजलंत तिथे चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, म्हणजे दर वेळी त्याच जागी मोजाल. गाडी बंद केल्यावर लगेच, तासाभराने आणि सकाळी दार उघडण्याआधी, अशी तीन मापं हवीत. दार उघडण्याआधी हे महत्त्वाचं आहे. बऱ्याच गाड्यांत दार किंवा लॉक उघडलं की सस्पेन्शनचा कॉम्प्युटर जागा होतो, कोपऱ्यांची उंची बदलू लागतो, आणि रात्रभराचा पुरावा क्षणात पुसला जातो.

याच कॉम्प्युटरची आणखी एक सवय माहीत असायला हवी. काही गाड्यांमध्ये तो गाडी उभी असतानाही अधूनमधून जागा होऊन उंची तपासतो आणि एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीच्या तीन कोपऱ्यांतली हवा सोडून त्यांनाही त्याच पातळीवर आणतो. गाडी तिरकी दिसू नये म्हणून ही व्यवस्था असते. पण सकाळी मालकाला चारही कोपरे बसलेले दिसतात आणि तो म्हणतो, सगळं सस्पेन्शन गेलं. प्रत्यक्षात गळती एकाच ठिकाणी असते. म्हणून मी रात्रभराच्या चाचणीला सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवतो. कोणता फ्यूज ते गाडीच्या पुस्तकात असतं. गाडी बंद करून, दारं लावून, सगळं शांत होईपर्यंत थांबा आणि मग फ्यूज काढा. वीज नसली की हे व्हॉल्व्ह बंदच राहतात, त्यामुळे हवा गेली तर ती फक्त गळतीनेच गेली असं समजायचं. फ्यूज परत बसवल्यावर कॉम्प्युटरमध्ये एखादा फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) राहिलेला दिसेल, तो स्कॅनरने पुसता येतो. एक सावधगिरी मात्र पाळा. फ्यूज परत लावताना गाडीची उंची अचानक बदलू शकते, तेव्हा टायर आणि मडगार्डच्या मध्ये कोणाचाही हात नको.

आता मापं कशी वाचायची. एकच कोपरा स्पष्टपणे खाली गेला असेल तर संशयित चारच: त्या कोपऱ्याचा बलून, बलूनच्या वरचा जोड, तिथे जाणारा पाइप आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधला (सगळ्या कोपऱ्यांचे व्हॉल्व्ह एकत्र असलेला ठोकळा) त्या कोपऱ्याचा व्हॉल्व्ह. पुढचा डावा बसला की पुढचा उजवाही थोडा खाली ओढला जातो, कारण दोन्ही बाजू अँटी-रोल बारने, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून लावलेल्या आडव्या दांड्याने, बांधलेल्या असतात. त्या थोड्याशा फरकाच्या मागे लागू नका. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही कोपरे सारखेच बसत असतील तर दोन्ही बलून एकाच वयाचे होऊन एकदम थकलेत, किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक हवा सोडतोय. आणि चारही कोपरे थोडेसे, जवळजवळ सारखेच खाली गेले असतील तर आधी थंडीचा विचार करा. संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे १० अंश असं तापमान उतरलं, तर बलूनमधल्या हवेचं आकारमान साधारण साडेसहा टक्क्यांनी घटतं. हवा तेवढीच असते, ती फक्त आकसते. गाडी त्या मानाने थोडी खाली येणार, त्यात बिघाड काही नाही.

एक उलटी शक्यताही आहे. गाडी एका बाजूला कललेली दिसते, पण रात्रीचं आणि सकाळचं माप तंतोतंत तेच. मग हवा कुठेच जात नाही. उंची मोजणारा सेन्सर किंवा त्याची छोटी लिंक चुकीची माहिती देते आहे आणि कॉम्प्युटर प्रामाणिकपणे चुकीच्या उंचीवर गाडी धरून ठेवतो आहे. ही लिंक गंजून अडकते किंवा तिच्या टोकाचा गोळा (बॉल जॉइंट) निसटतो. तुमच्या गाडीचं लक्षण असं नाही, पण अशी गाडी घेऊन आलेल्या माणसाने आधीच एक स्ट्रट बदलून घेतलेला असतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

किती वेळात बसते यावरून गळती केवढी ते कळतं. काही मिनिटांत बसणारी गळती कानाला ऐकू येते, फुस्स असा सलग आवाज असतो. तासा-दोन तासांत बसणारी साबणाच्या पाण्याने लगेच सापडते. रात्रभरात दोन-तीन सेंटीमीटर बसणारी सगळ्यात चिवट, आणि तुमची बहुधा तीच आहे.

ती का चिवट असते हे समजायला बलूनची रचना डोळ्यासमोर आणा. हा बलून म्हणजे रबराची नळी, रबराच्या आत मजबूत दोऱ्यांचं विणकाम. तिचं खालचं टोक मोज्याचं तोंड उलटं दुमडावं तसं पिस्टनवर (बलूनच्या खालच्या गोल ठोकळ्यावर) दुमडलेलं असतं. चाक वर-खाली झालं की ही घडी पिस्टनवरून लोळत राहते. टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच बार हवा असते, इथे साधारण ५ ते १० बार. एवढ्या दाबाखाली रबर लाखो वेळा दुमडतं आणि उलगडतं, आणि ज्या उंचीवर गाडी सर्वाधिक काळ चालते त्या उंचीच्या घडीत आधी बारीक चिरा पडतात. मग चीर रबराच्या पार जाते.

गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली की चाकं लोंबकळतात, बलून ताणला जातो आणि घडी सरकून दुसरीकडे जाते. चीर सरळ झालेल्या रबरात मिटून जाते. साबणाचं पाणी कितीही फवारा, बुडबुडा येत नाही. मग गॅरेजवाला म्हणतो, बलून चांगला आहे. माझ्याकडे अशी एक गाडी तीन वेळा आली होती. दोनदा मी लिफ्टवर तपासली आणि काही न सापडता परत दिली. तिसऱ्यांदा गाडी चारही चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर चढवली, नेहमीच्या उंचीवर ठेवली आणि चाकाच्या मागून बारीक आरसा व बॅटरी घालून घडी बघितली. साबण फवारून काहीच दिसलं नाही. मी तिथेच बसून राहिलो. सातेक मिनिटांनी घडीच्या आतल्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे बुडबुडे जमले, एकमेकांना चिकटून, पिसासारखे. पुसले, तर पुन्हा त्याच जागी आले. त्या दिवसापासून मी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असल्याशिवाय बलूनला चांगला म्हणत नाही. तुम्ही ज्या गॅरेजमध्ये जाल त्यांना हेच करायला सांगा: चाकांवर, नेहमीच्या उंचीवर, आणि फवारल्यावर किमान दहा मिनिटं थांबून. गाडीत उंची बदलायची सोय असेल तर वरच्या आणि खालच्या पातळीवरही तपासा, कारण काही चिरा एकाच उंचीवर उघडतात.

पाणी कसं करायचं तेही सांगतो. भांडी घासायचा पातळ साबण पाण्यात हलक्या हाताने मिसळा. आधीच फेस झाला तर त्यात बारीक बुडबुडा ओळखू येत नाही. आणि सुरुवात बलूनपासून न करता वरच्या जोडापासून करा. पाइप जिथे स्ट्रटमध्ये शिरतो तिथे पितळी नट आणि एक छोटी रिंग असते, काही रचनांत ओ-रिंगही असते. ही जागा बॉनेट उघडून वरूनच दिसते, पोचायला सोपी, आणि इथली गळती सगळ्यात कमी कामात जाते. पाइपचं टोक वाकडं कापलेलं असेल किंवा त्यावर ओरखडे असतील तर नवा जोडही हवा धरत नाही. टोकाचा सेंटीमीटरभर भाग धारदार कटरने अगदी काटकोनात कापायचा, नवी रिंग लावायची आणि नट बेताने आवळायचा. या नटला जोर लावायचा नाही, पितळेचा आटा लगेच जातो. जोड सोडताना डोळ्यांना चष्मा लावा. काही स्ट्रटमध्ये पाइप काढला तरी थोडी हवा आत धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पाइप निघाला म्हणजे स्ट्रट रिकामा झाला असं समजू नका.

पाइप जिथे बॉडीला किंवा चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकला घासतो त्या जागाही बोटाने चाचपून बघा. घासलेल्या पाइपवर खरखरीत पट्टा लागतो.

बलून आणि जोड कोरडे निघाले तर व्हॉल्व्ह ब्लॉक. इथली गळती बाहेर दिसत नाही, म्हणून ती फसवते. कोपऱ्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नसला की हवा ब्लॉकच्या आतल्या सामाईक मार्गात येते आणि कॉम्प्रेसरच्या बाजूने निसटते. तपासायची माझी पद्धत अशी: गाडी बंद, फ्यूज काढलेला. कॉम्प्रेसरकडून ब्लॉकमध्ये येणारा पाइप सावकाश सैल करून काढायचा, मार्गात साठलेली हवा निघून जाऊ द्यायची आणि मग त्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा लावायचा. पडदा फुगत राहिला तर कोणता तरी व्हॉल्व्ह हवा सोडतोय. कोणता ते शोधायला, गाडीची रचना परवानगी देत असेल तर, दोन कोपऱ्यांचे पाइप ब्लॉकवर अदलाबदल करून रात्रभर ठेवायचे. फ्यूज मात्र काढलेलाच राहू द्या, नाहीतर कॉम्प्युटर डाव्याची हवा उजव्यात भरेल. बसणारा कोपरा बदलला तर दोष ब्लॉकचा. तोच कोपरा पुन्हा बसला तर दोष ब्लॉकच्या पलीकडचा.

आता कॉम्प्रेसरकडे येतो, कारण पहिल्या गॅरेजचं म्हणणं अगदी निराधार नाही. कॉम्प्रेसरने ओढलेली हवा एका कोरड्या दाण्यांच्या डब्यातून जाते, आम्ही त्याला ड्रायर म्हणतो. दाणे हवेतली ओल शोषून घेतात. मग गाडी खाली घ्यायची असते तेव्हा कोरडी हवा त्याच डब्यातून उलट्या दिशेने बाहेर सोडली जाते, आणि जाताना ती दाण्यांतली ओल सोबत नेते. म्हणजे ड्रायर दर वेळी स्वतःला सुकवतो. पण हवा बलूनमधून गळत असली की ती उलटी येतच नाही. ड्रायर ओल घेत राहतो, सोडू शकत नाही. काही महिन्यांत दाणे भिजतात, त्यांची पूड होते, ती पूड आणि ओल पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. तिथे गंज धरतो, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, कडाक्याच्या थंडीत तर पाणी गोठून अडकतात. एका बलूनच्या बारीक चिरेने आधी कॉम्प्रेसरची पिस्टन रिंग झिजते, मग ड्रायर जातो, मग ब्लॉक. म्हणूनच तुम्हाला कळकळीने सांगतो, गाडी वर येते आहे ना, मग चालतंय, असं म्हणून ही गळती सहा महिने ओढू नका.

कॉम्प्रेसर बदलायचा की नाही हे त्याच्या बाहेर येणाऱ्या दाबावरून ठरवायचं. आउटलेटला गेज लावून चालवायचा आणि तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघायचं. फॉल्ट कोडमध्ये कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला किंवा अपेक्षित उंची आली नाही असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तेवढाच. कॉम्प्रेसर खराब आहे असं तो कोड म्हणत नाही, पण बरेच जण तसंच वाचतात. तपासताना रिले (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) विसरू नका. जास्त राबलेल्या रिलेचे काँटॅक्ट चिकटतात, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळतो. नवा कॉम्प्रेसर लावताना मी रिले नेहमी नवीन घालतो आणि ड्रायरची पूड पुढे गेली आहे का ते पाइप काढून बघतो. पांढरी पूड दिसली तर ब्लॉक साफ केल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर चालू करत नाही.

बलूनच फुटलेला निघाला तर त्याला पॅच लावू नका. मला हा प्रश्न दर आठवड्याला येतो. जिथे चीर आहे तीच जागा सतत दुमडते, तिथे कोणताही पॅच किंवा चिकट द्रव टिकत नाही. टायरमध्ये घालतात तसा गळती बुजवणारा द्रव आत सोडला तर तो व्हॉल्व्ह ब्लॉक बंद करून ठेवतो आणि एका बलूनचं काम चौपट होतं. बलून बदलायचाच. पुढच्या स्ट्रटमध्ये अनेकदा बलून आणि शॉकअप एकाच तुकड्यात असतात. शॉकअप कोरडा आणि ताकदवान असेल, आणि तुमच्या मॉडेलसाठी फक्त रबराचा भाग मिळत असेल, तर तेवढाच बदलणं वावगं नाही. पण ते काम नीट दाब देऊन चाचणी करणाऱ्याकडूनच करा. शॉकअपवर तेल उतरलेलं असेल तर पूर्ण स्ट्रट घ्या.

दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात का? दोन्ही मूळचेच, ९ वर्षांचे असतील तर दुसऱ्याच्या घडीतही आरसा घालून बघा. तिथे बारीक चिरा दिसत असतील तर दोन्ही बदला, कारण तेच काम वर्षभरात पुन्हा काढावं लागेल. दुसरा स्वच्छ असेल तर एकच बदलायला माझी हरकत नसते. दोन्ही कोपऱ्यांत उंची कॉम्प्युटर धरतो, त्यामुळे जुन्या-नव्या स्टील स्प्रिंगसारखा कल येत नाही. शॉकअपचं मात्र तसं नाही. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा थकलेला असला की गाडी वळणावर आणि ब्रेक मारताना वेगळी वागते. ते जोडीनेच बदलावेत.

बसवताना एक चूक इतकी सर्रास होते की नवे बलून पहिल्याच दिवशी फाटतात. रिकाम्या बलूनवर गाडीचं वजन टाकायचं नाही. चाक लोंबकळत असतानाच आधी बलूनमध्ये हवा भरायची, घडी सगळीकडून सारखी पडली आहे का ते हाताने आणि डोळ्याने बघायचं, मगच जॅक हळूहळू सोडायचा. कंट्रोल आर्मच्या (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) बुशांचे, म्हणजे त्याच्या रबरी सांध्यांचे, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात, मग कुरकुर सुरू होते. हे सगळं करताना गाडी नुसत्या हवेवर कधी सोडू नका. खाली भक्कम स्टँड हवेत आणि उंची बदलण्याची यंत्रणा बंद. बलून अचानक रिकामा झाला तर खाली असलेल्या माणसाला हलायला वेळ मिळत नाही.

आता ठकठक. हवेचा बलून स्वतः ठकठक करत नाही, तो रबर आणि हवा आहे. ठक असा कोरडा आवाज धातूवर धातू आपटल्याचा किंवा सैल गोळ्याचा असतो. हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर येतो आणि मोठ्या खड्ड्यात तितका जाणवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. या वर्णनात माझा पहिला संशय अँटी-रोल बारच्या लिंक रॉडवर, म्हणजे बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीवर, जातो. त्याचे गोळे झिजले की अगदी असाच आवाज देतात. तपासणं सोपं आहे: गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद, उंची बदलणारी यंत्रणा बंद. एकाने मडगार्ड धरून गाडी हलवायची, दुसऱ्याने समोरून लिंक रॉडच्या गोळ्यावर बोट ठेवायचं. सैल गोळा बोटाला टकटक मारतो, कानापेक्षा बोट खरं सांगतं. हात टायरच्या वरच्या बाजूला न्यायचा नाही.

लिंक ठीक असेल तर स्ट्रटचा वरचा माउंट. बॉनेट उघडून माउंटवर तळहात ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग पूर्ण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवायला सांगा. हाताखाली झटका जाणवला तर माउंट किंवा त्याचं बेअरिंग गेलं. त्यानंतर खालच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, ते पहारीने हलवून बघतात. शॉकअपच्या आतला खडखडाट हा शेवटचा संशयित, कारण तो सिद्ध करायला स्ट्रट उतरवावा लागतो. गाडीची उंची वरच्या पातळीला नेल्यावर आवाज बदलतो का तेही बघा. उंची बदलली की प्रत्येक सांध्याचा कोन बदलतो आणि झिजलेला गोळा नव्या जागी बसून गप्प होऊ शकतो. आवाज बदलला तर दोष एखाद्या सांध्यातच, हे जवळजवळ नक्की.

ठक आणि धप्प यांतला फरक कान देऊन ओळखा. धप्प असा जड, बोथट आवाज म्हणजे सस्पेन्शन खालच्या रबरी ठोकळ्यावर आपटतंय, गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा खाली चालते आहे. तो आवाज असेल तर त्याचं नातं थेट गळतीशी किंवा सेन्सरशी आहे. आणि रबर पिळल्यासारखी कुरकुर किंवा करकर असेल तर तेही गळतीशी जोडलेलं असू शकतं. बऱ्याच स्ट्रटमध्ये पातळ बलूनभोवती अॅल्युमिनियमचा डबा असतो आणि खाली धूळ रोखणारं रबरी टोपण. ते टोपण फाटलं की वाळू आत जाऊन रबर आणि अॅल्युमिनियमच्या मध्ये अडकते. आधी करकर येते, काही महिन्यांनी त्याच जागी बलूनला भोक पडतं. तुमच्या डाव्या स्ट्रटचं हे टोपण फाटलेलं नाही ना, ते आवर्जून बघा. बसवताना बलून पिळला गेला असेल तरीही असाच आवाज येतो.

गाडी बंद केल्यावर येणारी टिकटिक आणि छोटी फुस्स मात्र व्हॉल्व्हची नेहमीची आहे. कॉम्प्रेसरचा आवाज बॉडीतून घुमत असेल तर त्याच्या खालचे रबरी माउंट बघा, ते बसले की कॉम्प्रेसर पत्र्याला टेकतो.

तोवर चालवायची का? गाडी पूर्ण उंचीवर येत असेल, सस्पेन्शनचा दिवा लागत नसेल आणि चालताना उंची टिकत असेल, तर गॅरेजपर्यंत आणि रोजच्या गरजेपुरती चालवा. सुरू केल्यावर उंची येईपर्यंत जागेवरून हलवू नका. लांबचा प्रवास आणि जड सामान टाळा. कोपरा पूर्ण बसलेला असताना गाडी अजिबात हलवू नका. रिकाम्या बलूनची घडी दोन धातूंमध्ये चिमटली जाते, टायर मडगार्डच्या आत घासतो, आणि दुरुस्त होण्याजोगा कोपरा दुरुस्तीपलीकडे जातो.

सगळं काढून स्टील स्प्रिंग लावावेत असं तुम्हाला कोणीतरी सुचवलेलं दिसतंय. फार जुन्या, पार्ट मिळत नसलेल्या गाडीला मी ते करून दिलंय. तुमच्या गाडीत एका कोपऱ्याच्या गळतीसाठी मी ते करणार नाही. शॉकअपची ताकद, हेडलाइटची पातळी आणि कॉम्प्युटरचे इशारे, हे सगळं हवेच्या सस्पेन्शनला धरून बेतलेलं असतं.

तर तुमच्यापुरता क्रम असा: आज रात्री फ्यूज काढून मापं. उद्या वरच्या जोडाला साबण, मग चाकांवर उभ्या गाडीत बलूनच्या घडीला, मग व्हॉल्व्ह ब्लॉक. लिंक रॉडला बोट लावून बघणं त्याच फेरीत होईल. कॉम्प्रेसरचा दाब गळती बंद झाल्यावरच मोजा. स्ट्रट किंवा सेन्सर उतरवावा लागला तर स्कॅनरने उंचीचं कॅलिब्रेशन करून घ्या, आर्म सोडले असतील तर व्हील अलाइनमेंटही. काम झाल्याच्या रात्री पुन्हा त्याच चिकटपट्टीपाशी मोजा आणि सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा. आजच्या रात्रीची चारही कोपऱ्यांची मापं मिलिमीटरमध्ये मला कळवा, सोबत रात्री आणि पहाटे तापमान किती होतं तेही. त्यावरून पुढे कुठे बघायचं ते मी नेमकं सांगू शकेन.